वारा कमी असेल तर? विंडसर्फिंगच्या शर्यती, बडोद्याच्या गच्चीवरून

(गच्ची. संध्याकाळचं ऊन. हातात पतंग.)

नमस्कार मंडळी! आजचा विषय विंडसर्फिंग आहे, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर (बोर्डावर) उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं, आणि माझ्या हातात पतंग आहे, कारण बडोद्यात वारा कळतो तो उत्तरायणातच. १४ जानेवारीला सकाळी आपण पेपरात आधी काय बघतो? वारा ताशी किती किलोमीटर, ते. दहा म्हटलं की चेहरे पडतात, वीस म्हटलं की फिरक्या निघतात.

माझे आजोबा दांडियाबाजारच्या वाड्याच्या गच्चीवर पहाटे चारचारदा हात वर करून वारा बघायचे आणि मग किन्ना, म्हणजे मांजा जिथे जोडतात तो पतंगावरचा दोरा, बांधायचे. बघा, हा असा. (पतंग कॅमेऱ्याजवळ.) ही वरची गाठ, ही खालची. दोन्हींतलं अंतर अर्ध्या बोटाने बदललं की हाच पतंग वेगळा वागतो. ते म्हणायचे, "जोरात वारा असला की कोणीही उडवतं रे. पडलेल्या वाऱ्यात उडवून दाखव."

विंडसर्फिंगच्या शर्यतींमध्ये इतके वेगवेगळे क्लास, म्हणजे बोर्ड आणि शिडाचे ठरलेले प्रकार, का आहेत, हा प्रश्न मला पडला तेव्हा आजोबांचं हेच वाक्य आठवलं. प्रत्येक क्लास म्हणजे 'वारा पडला तर काय करायचं' या एकाच प्रश्नाला दिलेलं वेगळं उत्तर आहे. आज तेच सांगतो.

आधी थोडं गणित. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पेपरातला 'दहा किलोमीटर' म्हणजे जेमतेम साडेपाच नॉट. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८ नॉटचा वारा १६ नॉट झाला, तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून १६ नॉटला पाच चौरस मीटरचं शीड ज्याला पुरतं, त्याला ८ नॉटला नऊ-दहा मीटरचं शीडही अपुरं वाटतं. नऊ चौरस मीटर म्हणजे किती? आपल्या वाड्यातली दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. तेवढं कापड दोन हातांत धरून पाण्यावर उभं राहायचं.

दुसरी गोष्ट प्लेनिंग. वेग कमी असतो तेव्हा बोर्ड पाणी बाजूला ढकलत पुढे जातो, म्हशीसारखा. एका वेगानंतर तो स्वतःच्याच लाटेवर चढतो आणि पाण्याच्या वरच्या थरावरून घसरायला लागतो. त्या क्षणी पायाखालचा आवाज बदलतो. आधी छपछप, मग एकसारखी सरसर. गोव्यात मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा अंगावर काटा आला होता. साध्या बोर्डावर, बेताच्या शिडाने हे व्हायला बारा-एक नॉट वारा लागतो. शर्यतीला माणसं जमली आणि वारा सातच नॉट आहे, तर करायचं काय?

पहिलं उत्तर जुनं आहे. प्लेनिंगचा हट्ट सोडा, बोर्ड लांब करा. रेसबोर्ड क्लासचे बोर्ड पावणेचार मीटरच्या आसपास लांब असतात आणि मधोमध डॅगरबोर्ड असतो. डॅगरबोर्ड म्हणजे खाली सोडायचं पातं. ते सोडलं की बोर्ड आडवा वाहून जात नाही आणि चार-पाच नॉटमध्येही वाऱ्याच्या तोंडाकडे नागमोडी चढत राहतो. वारा वाढला की पायाने ते पातं आत ढकलायचं. १९९६ ते २००४ या तीन ऑलिम्पिकमध्ये असलेला मिस्ट्रल याच घराण्यातला, ३७२ सेंटीमीटर लांब, शीड ७.४ चौरस मीटर. १९९६ मध्ये हाँगकाँगच्या ली लाय-शानने त्यावरच सुवर्ण मिळवलं, हाँगकाँगचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. आज कोणी मला 'शर्यतीचे डावपेच कुठे शिकू' असं विचारलं तर मी लांब बोर्डाकडेच बोट दाखवीन. वेग कमी असतो म्हणून वाऱ्याचे बदल वाचायला वेळ मिळतो.

दुसरं उत्तर अगदी उलट, आणि मला ते फार धाडसी वाटतं. फॉर्म्युला विंडसर्फिंग. डॅगरबोर्ड काढूनच टाका, बोर्ड आखूड करा आणि रुंदी एक मीटर ठेवा. खाली तब्बल ७० सेंटीमीटरचा फिन, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाखालचं पक्कं बसवलेलं पातं, वर साडेबारा चौरस मीटरपर्यंतचं शीड. रुंदी कशासाठी? तुम्ही अगदी कडेवर उभे राहता, म्हणजे तरफ लांब होते. त्या तरफेने एवढं मोठं शीड पेलता येतं आणि त्या लांब फिनवर जोर देता येतो. सात-आठ नॉटमध्येही तयार माणूस प्लेन करतो. पण वारा त्याखाली गेला की संपलं. ना लांबी, ना डॅगरबोर्ड. बोर्ड दारासारखा पाण्यावर पडून राहतो.

तिसरं उत्तर या दोघांची तडजोड, आरएस:एक्स. २००८ च्या बीजिंगपासून २०२० च्या टोकियोपर्यंत ऑलिम्पिकला हाच होता. बोर्ड २.८६ मीटर लांब, ९३ सेंटीमीटर रुंद, डॅगरबोर्डही आणि मोठा फिनही. शीड पुरुषांना ९.५, महिलांना ८.५. वारा तीन नॉट असो की तीस, शीड तेच. तडजोडीची किंमत वजनात मोजावी लागली, बोर्ड जड झाला. आपल्या ईबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये कांस्य मिळवलं ते याच क्लासमध्ये.

इथे एक गोष्ट नीट दाखवायची आहे. (पतंग उचलून, दोऱ्याला छोटे झटके देतो.) हे काय? ठुमके. वारा नसताना पतंग वर काढायला आपण हेच करतो. विंडसर्फर शिडाला असेच झटके देतो, त्याला पंपिंग म्हणतात. बाकीच्या शिडाच्या बोटींना शर्यतीत त्यावर कडक बंधनं असतात, विंडसर्फिंगला मोकळीक आहे. म्हणून हलक्या वाऱ्यात आरएस:एक्सची शर्यत म्हणजे फुप्फुसांची परीक्षा. पतंगाला वीस ठुमके दिले तरी आपलं मनगट भरून येतं. हे लोक साडेनऊ मीटरचं शीड घेऊन पूर्ण शर्यतभर तेच करत राहतात, अख्ख्या शरीराने.

आणि आता चौथं उत्तर, ज्याने सगळं उलटसुलट केलं. फॉइल. २०२४ च्या ऑलिम्पिकला फ्रान्समधल्या मार्सेयच्या पाण्यात आयक्यूफॉइल हा क्लास आला. बोर्ड २.२० मीटर, शीड पुरुषांना ९ आणि महिलांना ८ चौरस मीटर. म्हणजे शीड आधीपेक्षा लहान झालं! कारण बोर्डाखाली उभा खांब आणि त्याच्या तळाशी विमानासारखे पंख आहेत. पुढचा पंख ९०० चौरस सेंटीमीटर. एक फूट बाय एक फूट फरशी डोळ्यांसमोर आणा, जवळपास तेवढाच. तो पंख माणूस, बोर्ड, शीड असं सगळं मिळून शंभर किलोच्या वर वजन पाण्याबाहेर उचलतो. कसा? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, म्हणून लहान पंखही पुरतो. बोर्ड एकदा वर उचलला गेला की त्याला पाणी अडवतच नाही. सहा-सात नॉट वाऱ्यात तयार माणूस 'उडतो' आणि वाऱ्याच्याही पुढे पळतो.

पण फॉइललाही दोन टोकं आहेत. वारा अगदीच मेला तर तो आखूड बोर्ड नुसता तरंगतो. आणि वारा पंचवीस नॉट झाला तर उलटी पंचाईत, पंख जास्तच उचलायला लागतो. तो पाण्याबाहेर आला की त्याची उचल एकदम जाते आणि माणूस आपटतो. म्हणून वजन पुढे टाकायचं, शिडाच्या तळाची दोरी कसून ओढायची, म्हणजे शीड सपाट होतं आणि त्याचं वरचं टोक ढिलं पडून जादा वारा सोडून देतं. मागच्या छोट्या पंखाखाली पातळ पाचर घालून त्याचा कोनही किंचित बदलता येतो. अर्ध्या अंशाचा खेळ असतो तो. अर्ध्या बोटाचा किन्ना आठवा.

स्लॅलम या शर्यतीच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. तिथे वाऱ्याच्या तोंडाकडे चढायचंच नसतं. आडव्या वाऱ्यावर सुसाट जायचं, पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाभोवती वळायचं. बोर्ड अरुंद, आणि लोक पाच-सहा मापांची शिडं किनाऱ्यावर जोडून ठेवतात. वारा बघून त्यातलं एक उचलायचं, आपण सकाळी एक पतंग आणि दुपारी दुसरा घेतो तसं. बघायला सगळ्यात थरारक हेच. पण खर्च ऐकून मन खट्टू होतं. एकच शीड ठरवून देणारे क्लास मला म्हणूनच जवळचे वाटतात, तिथे पाकिटापेक्षा हात जास्त चालतो.

मुलांसाठी क्लास आहे टेक्नो २९३. नावातच लांबी आहे, २९३ सेंटीमीटर. डॅगरबोर्ड आहे. शीड वयाप्रमाणे वाढतं: तेरा वर्षांखाली ५.८, पंधराखाली ६.८, सतराखाली ७.८. हे मला माझ्या भाचीमुळे पाठ झालंय. ती अकरा वर्षांची, वजन ३६ किलो. एकाने आम्हाला वापरलेलं साडेसात मीटरचं शीड स्वस्तात दिलं, 'दोन वर्षांत वाढेल' म्हणून. किनाऱ्यावर ते पाण्यात पडलं, वर पाणी साचलं, आणि ती दोरी धरून ओढतेय, ओढतेय, शीड हलत नाही. तिच्या तळहाताला फोड आले. तिने तोंडातून हूं की चूं केलं नाही, मला मात्र ते फोड बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी चार मीटरचं शीड भाड्याने घेतलं, आणि दहाव्या मिनिटाला ती उभी राहून लांब निघाली होती. मूल शिकत असताना शीड लहानच घ्या. मोठं शीड घेऊन मूल लवकर शिकत नाही, लवकर कंटाळतं. आणि फॉइलची घाई करू नका. त्या पंखांच्या कडा धारदार असतात, पडताना लागतात. आधी डॅगरबोर्डवर वारा कळू दे.

एक मात्र हात जोडून सांगतो. हा व्हिडिओ बघून आजव्याच्या तलावावर किंवा विश्वामित्री नदीवर बोर्ड घेऊन जाऊ नका. विश्वामित्रीतल्या मगरी आपल्याला ठाऊक आहेत, आजव्यातही मगरी आहेत, शिवाय ते आपलं प्यायचं पाणी आहे. गोवा किंवा मुंबई, तिथे शिकवणारे आहेत, लाइफ जॅकेट आहेत, सोबत बोट असते.

आम्ही डिसेंबरात परत गोव्याला निघालोय. सकाळी तिथे वारा मंद असतो, दुपारी समुद्रावरून जोर धरतो. भाचीला सकाळी पाण्यात उतरायचंय. का, असं विचारलं तर म्हणाली, "मामा, पडलेल्या वाऱ्यात ठुमके मारून बघते ना."