उशिरा आलेली चाल

मित्रहो, ‘इंटरनॅशनल’ हे जगभरच्या कामगार चळवळीचं गाणं ज्यांनी लिहिलं, त्यांनी ते आपण ऐकतो त्या चालीत एकदाही ऐकलं नाही. युजेन पोतिए ६ नोव्हेंबर १८८७ ला पॅरिसमध्ये वारले. चाल लागली ती पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. कवी आणि संगीतकार, दोघंही हातानं काम करून पोट भरणारे.

पोतिए वडिलांच्या खोकी बांधण्याच्या दुकानात वाढले. पुढे कापडावर छापायची नक्षी काढत. १८७१ मध्ये ते पॅरिस कम्यूनवर, म्हणजे बंड करून शहरात उभारलेल्या लोकांच्या सरकारवर, निवडून आले. कम्यून टिकलं ७२ दिवस. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्रेंच सरकारचं सैन्य शहरात घुसलं आणि हजारो माणसं मारली गेली. पोतिए लपून बसले आणि जूनमध्ये ही कविता लिहिली. म्हणजे हे विजयाचं गाणं नाही, हे लक्षात घ्या. सगळं हरून जेमतेम महिना झालाय आणि हा माणूस पहिलाच शब्द लिहितो, ‘उठा’! पुढे तर स्पष्ट सांगतो की वाचवायला कुणी येणार नाही. देव नाही, बादशहा नाही, पुढारीही नाही. पुढाऱ्याचं नाव त्या यादीत आहे, हे हे गाणं गाणारे कितीतरी पुढारी सोयीनं विसरले.

मग परागंदा होणं आलं. इंग्लंड, तिथून अमेरिका. १८८० मध्ये कम्यूनवाल्यांना माफी जाहीर झाली तेव्हा परतले. मरणाच्या वर्षी मित्रांच्या खटपटीनं कवितांचं पुस्तक निघालं.

ते पुस्तक पोचलं लीलला. लील म्हणजे उत्तर फ्रान्सचं गिरणगाव म्हणा ना! धुराडी, सूत, बेल्जियमहून कामाला आलेली कुटुंबं. त्यातल्याच एका कुटुंबातला पिएर दगेतेर. जन्म गेंट शहरातला, १८४८ चा. लहानपणीच गिरणीत लागला, वाचायला शिकला ते रात्रीच्या वर्गात. पुढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करायचा. संध्याकाळी कामगारांच्या गायनमंडळात. हे मंडळ एका गुत्त्यात जमायचं. आपल्याकडे तालमीला जागा मिळाली नाही की भजनी मंडळ जिथे मिळेल तिथे बसतं, तसंच. स्थानिक समाजवादी नेते ग्युस्ताव्ह दलोरी यांनी त्याच्या हातात ते पुस्तक ठेवलं आणि मंडळाला गायला काहीतरी बसव म्हणून सांगितलं. त्यानं हार्मोनियमवर चाल बसवली. जुलै १८८८ मध्ये वृत्तपत्रं विकणाऱ्यांच्या संघटनेच्या समारंभात ती पहिल्यांदा गायली गेली. सहा हजार प्रती छापल्या.

आता इथे जरा थांबतो, कारण खरी गोष्ट त्या छापील कागदावर आहे. त्यावर संगीतकार म्हणून फक्त आडनाव घातलं, ‘दगेतेर’. पूर्ण नाव दिलं असतं तर नोकरी गेली असती. नोकरी तरीही गेलीच. आणि आडनावावर हक्क सांगायला घरातच दुसरा माणूस होता, धाकटा भाऊ अडॉल्फ. गाणं नावारूपाला आल्यावर तो म्हणाला, चाल माझी. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९१४ मध्ये निकाल अडॉल्फच्या बाजूनं लागला. अडॉल्फनं १९१६ मध्ये आत्महत्या केली. मागे भावाच्या नावे चिठ्ठी होती, चाल मी केली नाही, दलोरींच्या दबावामुळे बोललो, अशी. युद्ध संपल्यावर ती पिएरच्या हाती पडली. १९२२ मध्ये कोर्टानं चाल त्याची ठरवली. तोवर तो पॅरिसजवळच्या सँ-दनीत रस्त्यावरचे दिवे लावायचं काम करून पोट भरत होता.

आणि गाणं? ते कधीच पुढे निघून गेलं होतं. १८९६ मध्ये लीलला समाजवाद्यांचं अधिवेशन भरलं, परदेशी प्रतिनिधींनी ते ऐकलं आणि आपापल्या देशी नेलं. आर्कादी कोत्स या खाणतज्ज्ञानं १९०२ मध्ये रशियन रूपांतर केलं, तेही लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात सहापैकी तीनच कडवी. १९१८ पासून १९४४ पर्यंत हेच रशियातल्या नव्या राजवटीचं राष्ट्रगीत. या काळात त्यात एक बारीकसा बदल झाला, मला तो फार बोलका वाटतो. कोत्सनं लिहिलं होतं, ही शेवटची लढाई ‘असेल’. सत्ता आल्यावर गाऊ लागले, ही शेवटची लढाई ‘आहे’. भविष्यकाळाचा वर्तमानकाळ झाला. एका क्रियापदात केवढं राजकारण!

चिनी भाषांतराची अडचण आणखी मजेची. ‘इंटरनॅशनल’ या शब्दाला चिनीत अर्थाचा शब्द आहे, पण तो दोनच अक्षरांचा. मूळ लांब शब्दाच्या सगळ्या सुरांवर ताणला तर रडगाणं होतं. चिनी कम्युनिस्ट नेते छू छिउबाई यांनी १९२३ मध्ये अर्थ सोडला आणि उच्चारच चिनी अक्षरांत उतरवला. त्यांची भूमिका अशी की हा एक शब्द तरी सगळ्या जगानं सारखा म्हणावा. १९३५ मध्ये त्यांना गोळ्या घालायला नेलं, तेव्हा ते हेच गात गेले. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात विद्यार्थ्यांनी गायलं तेही हेच, आणि समोर सरकार होतं कम्युनिस्टांचं.

बंगालीत १९२७ मध्ये काझी नजरुल इस्लाम यांनी ते आणलं. मराठीत मी ‘आंतरराष्ट्रीय’ बसवून पाहिलं. पहिल्याच ‘ष्ट्री’वर जीभ अडखळते, आणि पुढे डोळ्यांसमोर विमानतळ येतो. छू छिउबाईंचंच खरं.

पिएरना १९२० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोनं सन्मानानं बोलावलं, पेन्शन दिलं. १९३२ मध्ये ते वारले. फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे संगीतकाराचे हक्क त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशकं टिकतात, त्यामुळे या चालीचे हक्क आपल्या शतकातही शाबूत राहिले. २००५ मध्ये तिथल्या एका दिग्दर्शकाला हजार युरोंचं बिल आलं. त्याच्या चित्रपटात एक पात्र या चालीवर शीळ घालतं, सात सेकंद.