सपाट टप्पा शेवटाकडून वाचायचा

नमस्कार. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत एकवीस टप्पे असतात आणि त्यातले काही सपाट म्हणून जाहीर होतात. अशा टप्प्याचा अंदाज बांधायला बसलं की बहुतेक जण आधी उंचीचा आलेख उघडतात. रेघ आडवी दिसली की सगळ्यात वेगवान स्प्रिंटरचं, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत जोरदार मुसंडी मारणाऱ्याचं, नाव लिहून मोकळे होतात. माझा आग्रह आहे की सपाट टप्प्यात त्या आलेखाला सगळ्यात कमी भाव द्यावा. नकाशा घ्या, अंतिम रेषेवर बोट ठेवा आणि मागे मागे या. आधी दोनशे मीटर, मग एक किलोमीटर, मग तीन, मग तीस. कोणत्या संघाला कुठे पोहोचायची घाई आहे, ते या उलट्या वाचनातच उलगडतं.

शेवटच्या 200 मीटरपासून सुरुवात करू. ताशी 65 किलोमीटर वेगाने हे अंतर 11 सेकंदांत संपतं. स्प्रिंटर या 11 सेकंदांत 1200 ते 1500 वॅट ताकद लावतो, कधी त्याहून जास्त, आणि एवढी ताकद दहा-पंधरा सेकंदांपलीकडे टिकत नाही. म्हणून स्प्रिंट नेमकी कधी सोडायची हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर वारा देतो. वारा समोरून असेल तर आधी उठणारा सगळ्यांची हवा फोडतो आणि मागचे आरामात त्याच्या आडोशाने येतात; तिथे दीडशे मीटरपर्यंत दम धरणारा जिंकतो. वारा पाठीमागून असेल तर वेग आधीच एवढा असतो की मागून येऊन ओलांडायला रस्ताच उरत नाही; तिथे अडीचशे मीटरवरून सुटणाऱ्याला फायदा. वारा डावीकडून आला तर आडोसा उजवीकडे मिळतो. अशा वेळी पुढचा स्प्रिंटर उजव्या कठड्याला धरून जातो, म्हणजे मागच्याला आडोशाची बाजूच शिल्लक राहत नाही, त्याला वाऱ्याच्या बाजूने बाहेर यावं लागतं. पण हाच डाव तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावरच्याने खेळला तर तो कठडा आणि पुढची चाकं यांच्यात कोंडला जातो. पाय ताजे असूनही पाचवा आलेला स्प्रिंटर दिसला की बहुतेक वेळा गोष्ट हीच असते.

चढाचंही तसंच. शेवटचा किलोमीटर 3 टक्के चढाचा असेल तर आलेखावर तो दिसतही नाही. गणित करून बघा. 75 किलोचा स्वार आणि 8 किलोची सायकल, ताशी 50 किलोमीटर वेग: त्या 3 टक्क्यांसाठी सुमारे 340 वॅट जास्तीचे लागतात. 65 किलोच्या स्वाराला साधारण 300. चाळीस वॅटचा हा फरक पूर्ण किलोमीटरभर सोसायचा असतो. शिवाय वेग कमी झाल्याने आडोशाची किंमतही घटते. त्यामुळे धिप्पाड स्प्रिंटर मागे पडतो आणि हलका, चिवट माणूस वर येतो. उताराचं उलट, आणि तिथे धोका वाढतो. 2020 मध्ये टूर ऑफ पोलंडचा पहिला टप्पा कातोवित्से शहरात उतारावर संपत होता आणि वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास गेला होता. डिलन ग्रुनेवेगनने आपली रेषा सोडली आणि फाबियो याकोबसेन कठड्यावर आदळून गंभीर जखमी झाला. ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. रेषा सोडणं ही चूक होतीच, पण तसल्या उतारावर शेवट ठेवणं हेही तितकंच चुकीचं होतं, असं माझं ठाम मत आहे. नकाशावर असा शेवट दिसला तर अंदाजात तो धोका स्पष्ट लिहायला हवा.

गिअरचा हिशोब याच 200 मीटरांशी बांधलेला आहे. पुढच्या दातेरी चक्राला (चेनरिंगला) 54 दात, मागच्याला 11, टायर 28 मिलिमीटरचा. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेदहा मीटर जाते. ताशी 70 किलोमीटरला मिनिटाला 112 फेऱ्या माराव्या लागतात. पुढे 56 दात लावले तर 108 पुरतात. पाठीच्या वाऱ्याच्या किंवा किंचित उताराच्या शेवटाला संघ मोठी चेनरिंग लावतात ती यासाठी. ती चुकते कुठे? शेवटच्या वळणात वेग ताशी 40 वर आला तर त्या जड गिअरवरून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, आणि जोर लावतानाच गिअर बदलला तर चेन उडी मारते. 2023 मध्ये बोर्दोच्या टप्प्यात मार्क कॅव्हेंडिश ऐन स्प्रिंटमध्ये गिअरच्या अडचणीत सापडला आणि यास्पर फिलिप्सनच्या मागे दुसरा आला.

आता शेवटचा किलोमीटर, जिथे रस्त्यावर लाल त्रिकोणी पताका टांगलेली असते. ताशी 60 ने हा एका मिनिटाचा खेळ. इथे लीडआउट, म्हणजे सहकाऱ्यांनी आडोसा देत स्प्रिंटरला पुढे ओढून नेणं, नीट समजून घ्या. संघात आठ जण. दोघे दिवसभर पुढे राहून, मुख्य घोळक्यातून सुटून पळालेल्यांचा पाठलाग करण्यात खर्ची पडतात, एक-दोघे एकूण क्रमवारीतल्या नेत्याला सांभाळतात. म्हणजे स्प्रिंटरपुढे ओढायला तीन, फार तर चार माणसं. पहिला साधारण दीड किलोमीटरपासून 800 मीटरपर्यंत ओढतो, दुसरा 800 ते 450, आणि शेवटचा 450 ते 200. तीनशे मीटरची पाळी म्हणजे अवघे सतरा सेकंद, पण ती ताशी 60-65 वर, तोंडावर पूर्ण वारा घेऊन. पहिल्याने जास्त जोर लावला तर दुसऱ्याचं चाक सुटतं. कमी लावला तर दोन्ही बाजूंनी दुसऱ्या संघांच्या गाड्या, म्हणजे एकामागे एक लागलेल्या स्वारांच्या रांगा, अंगावर येतात आणि स्प्रिंटर मधल्या खळग्यात अडकतो. गाडी तीन किलोमीटरवरच पुढे आली तर पाचशे मीटरवर माणसं संपतात. अंदाज लिहिताना स्प्रिंटरच्या नावाआधी त्याच्या शेवटच्या माणसाचं नाव लिहावं. 2023 मध्ये फिलिप्सनने चार टप्पे जिंकले तेव्हा त्याच्यापुढे मॅथ्यू व्हान डर पूल होता, आणि त्या चार विजयांत व्हान डर पूलचा वाटा मोठा आहे.

वळण असेल तर सगळं बदलतं. समजा शेवटचं काटकोनी वळण रेषेपासून 350 मीटरवर आहे. पहिला ताशी 60 वरून 45 वर येतो आणि पुन्हा सुटतो. त्याच्यामागचा थोडा जास्त ब्रेक लावतो, त्याच्यामागचा आणखी. विसावा माणूस वळणातून बाहेर पडतो तेव्हा पुढचे केव्हाच पूर्ण वेगात असतात, आणि ती फट भरून काढण्यातच त्याची स्प्रिंट संपते. म्हणून असं वळण दिसलं की खरी रेषा वळणाच्या तोंडाशी आहे असं समजावं. तिथे पहिल्या तिघा-चौघांत नसलेला जवळपास बाद. 2009 मध्ये पॅरिसला शाँझेलिझेवर नेमकं हेच झालं. मार्क रेनशॉने कॅव्हेंडिशला शेवटच्या उजव्या वळणातून सगळ्यांत आधी बाहेर काढलं आणि मागे एवढी फट पडली की कॅव्हेंडिश पहिला आणि खुद्द रेनशॉ दुसरा आला.

वाहतूक बेटांकडेही बारकाईने बघा. बेटाला डावीकडून वळसा घालायचा की उजवीकडून, यात काही मीटरांचा फरक असतो, आणि लांबची बाजू निवडणारी गाडी पाच-सहा जागा मागे फेकली जाते. संघ आदल्या रात्री व्हेलोव्ह्यूअर हे मार्ग दाखवणारं संगणकीय साधन उघडून, रस्त्याची छायाचित्रं बघून प्रत्येक बेटाची जवळची बाजू ठरवतात. ते काम घरबसल्या आपल्यालाही करता येतं. रस्ता कुठे अरुंद होतो, दुभाजक कुठे सुरू होतो, पांढरे पट्टे कुठे आहेत, हे सगळं टिपून ठेवा. पाऊस पडला की वळणातले ते रंगवलेले पट्टे घसरतात.

तीन किलोमीटरच्या खुणेला नियमामुळे महत्त्व आहे. सपाट टप्प्यात त्या खुणेनंतर कोणी पडलं किंवा सायकल बिघडली तर त्याला ज्या गटात तो होता त्याच गटाची वेळ मिळते. पूर्वी ही सवलत फक्त शेवटच्या किलोमीटरला होती, 2005 पासून ती तीनवर आली, आणि अलीकडे आयोजकांनी मागितलं तर ती पाचपर्यंत वाढवता येते. याचा परिणाम असा की एकूण क्रमवारीतले नेते आणि त्यांचे अंगरक्षक त्या खुणेपर्यंत पुढे घुसून राहतात आणि स्प्रिंटरांच्या गाड्यांना हवी असलेली जागा अडवतात. सगळ्यात जास्त रेटारेटी दहा ते तीन किलोमीटरदरम्यान होते ती यामुळे. 2018 च्या पहिल्याच टप्प्यात एकूण क्रमवारीतला दावेदार नायरो किन्ताना याची चाकं तीन किलोमीटरच्या खुणेच्या थोडं आधी निकामी झाली आणि त्याचे 1 मिनिट 15 सेकंद गेले. तेच थोडं पुढे झालं असतं तर एकही सेकंद गेला नसता.

त्याआधीचे तीस-चाळीस किलोमीटर वाऱ्याचे. आडवा वारा म्हटलं की लगेच फाटाफूट होणार असं लिहायची घाई नको. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पुरेसा जोराचा वारा, तो रस्त्याला छेदणारा, आणि उघडा रस्ता, म्हणजे झाडं, घरं, बांध नसलेला. तिरकी रांग, जिला एशेलॉन म्हणतात, रस्त्याच्या रुंदीएवढीच होऊ शकते. सहा मीटर रस्त्यावर दहा-बारा जण बसतात. तेराव्याला आडोसा नाही. तो रस्त्याच्या कडेला एकामागे एक लागलेल्या रांगेत सापडतो, आणि तिथे एकाचंही चाक सुटलं की त्याच्या मागचे सगळे गेले. 2013 च्या तेराव्या टप्प्यात सेंत-आमाँ-मोंराँकडे जाताना आधी एका संघाने वाऱ्यात घोळका फोडला. आलेहांद्रो वाल्वेर्देचं चाक तेव्हाच बिघडलं आणि तो जवळपास दहा मिनिटं मागे पडला. मग शेवटच्या तीसेक किलोमीटरांत प्रतिस्पर्धी अल्बर्तो कॉन्तादोरच्या संघाने अचानक जोर लावला आणि पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या, क्रिस फ्रूमला 1 मिनिट 9 सेकंदांचा फटका बसला. उंचीच्या आलेखावर त्या टप्प्यात बघण्यासारखं काही नव्हतं. वाऱ्याचा नकाशा आणि रस्ता कुठे दिशा बदलतो ते ठिकाण, ही जोडी मात्र दिवसाआधी हातात होती.

पळालेल्यांचा हिशोब सोपा आहे. रोबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा सांगतो की घोळका दहा किलोमीटरमागे एक मिनिट वसूल करतो. तपासून बघा: पुढचे ताशी 42 ने दहा किलोमीटर 857 सेकंदांत जातात, घोळका ताशी 45 ने 800 सेकंदांत. सत्तावन्न सेकंद. नुसत्या तीन किलोमीटर वेगाच्या फरकात एक मिनिट. आणि हा फरक घोळक्याला जड जात नाही, कारण 121 स्वारांच्या घोळक्यावर 2018 मध्ये झालेल्या बर्ट ब्लोकेन यांच्या अभ्यासात मागच्या भागातल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत 5 ते 10 टक्केच हवेचा रोध आढळला. तरी ठोकताळा फसतो, तो ओढणारे संघ कमी पडले की. दोन-तीन स्प्रिंटर आधीच घरी गेलेले असतील, किंवा एकाच संघावर सगळं ओझं पडलं आणि बाकीचे बघत राहिले, तर पळालेले टिकतात. म्हणून अंतर किती आहे याआधी किती संघ माणसं खर्च करायला तयार आहेत ते मोजा. घोळका पळालेल्यांना मुद्दाम लांब ठेवतो हेही लक्षात असू द्या. पन्नास किलोमीटर आधी पकडलं तर नवे हल्ले सुरू होतात.

शेवटी, अंदाज सकाळी पुन्हा तपासायचा. 2022 मध्ये डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे ते न्यूबोर्ग या दुसऱ्या टप्प्यात, जवळजवळ शेवटाला, समुद्रावरचा 18 किलोमीटरचा ग्रेट बेल्ट पूल होता. कित्येक महिने सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: पुलावर आडवा वारा, घोळक्याचे तुकडे. प्रत्यक्षात वारा बराचसा समोरून आला. समोरच्या वाऱ्यात पुढे जाणाऱ्याला काहीच मिळत नाही, मागच्यांना आडोसा मिळतो. घोळका रस्ताभर पसरून एकत्र राहिला. पूल उघडा होता, वाराही होता, फक्त दिशा चुकली. पूल संपल्यावर थोड्याच अंतरात स्प्रिंट झाली आणि जिंकला फाबियो याकोबसेन, कातोवित्सेच्या अपघातानंतर दोन वर्षांच्या आत.