उजळाईवाडीला विमान थांबतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर तुम्ही विमानात बसलाय, पट्टा बांधलाय, आणि घोषणा होते: ‘तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला उशीर होत आहे.’ मागच्या रांगेतून आवाज येतोच, ‘अहो, एवढं चालतंय की, काढा आता!’ माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. म्हणून चालतंय की नाही हे कोण ठरवतं आणि कशावरून, ते आज सांगतो.

प्रत्येक जातीच्या विमानासाठी एक जाडजूड पुस्तक असतं. आम्ही त्याला एमईएल म्हणतो, म्हणजे ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’, किमान काय चालू हवं त्याची यादी. काय बंद असलं तरी उडता येईल, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. मूळ यादी विमान बनवणाऱ्याची. तिच्यावरून विमान कंपनी आपली यादी करते आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, ती मंजूर करतं. कंपनीला मूळ यादीपेक्षा कडक होता येतं, सैल नाही. यादीत बिघाडांचे गट पाडलेले असतात: बी गटातला बिघाड ३ दिवसांत, सी गटातला १० आणि डी गटातला १२० दिवसांत काढावाच लागतो. ए गटाची मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. सुरक्षेशी संबंध असलेली जी वस्तू यादीत नाहीच, ती चालूच हवी. तिथं चर्चा नाही.

कॉकपिटमध्ये नको तो दिवा पेटला की वैमानिक टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘स्नॅग’ म्हणजे बिघाड लिहितो. इंजिनिअर येतो, तपासतो. पार्ट बदलता आला तर उत्तम, नाहीतर पुस्तक उघडतो. अट बसत असेल तर ती यंत्रणा बंद करायची, तिचा सर्किट ब्रेकर बाहेर ओढायचा, कुणी चुकून आत ढकलू नये म्हणून त्यावर छोटी कॉलर चढवायची, शेजारी ‘इन-ऑप’चा, म्हणजे ‘बंद आहे’ असा, स्टिकर लावायचा आणि वहीत सही करायची. आपल्या उद्यमनगरात दुरुस्तीला काढलेल्या मशिनच्या स्विचवर पाटी अडकवतात, त्यातलाच प्रकार. माझी सही झाली तरी कॅप्टन म्हणू शकतो, ‘मी नेणार नाही.’ त्याच्यावर जबरदस्ती कुणाची चालत नाही.

गंमत म्हणजे तोच बिघाड एका दिवशी चालतो आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. हवामानाचं रडार घ्या. वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज नसेल तर ते बंद असतानाही जायची मुभा सहसा असते. जानेवारीतल्या निरभ्र सकाळी ठीक आहे. मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग चढायला लागल्यावर त्याच रडारसाठी विमान उभं राहणार.

शिवाय आपलं विमानतळ लहान. सुटा भाग मोठ्या तळावरून यायचा, कधी माणूसही तिथूनच. त्यात केबिन तापते, आणि लोक चिडतात ते बहुतेक त्या उकाड्यानं. एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाला जमिनीवर वीज-हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकनं धरून ठेवतात आणि ते इंजिन नुसतं चालू ठेवतात, त्यावर एसी चालतो. त्या इंजिनापाशी काम निघालं की ते बंद करावंच लागतं. वीज बाहेरून जोडता येते, पण विजेनं दिवे लागतात, गारवा येत नाही.

लहान विमानतळ आणि पुढं ढकललेला बिघाड एकत्र आले की काय होतं, ते कॅनडातल्या ड्रायडनला १० मार्च १९८९ रोजी दिसलं. एअर ओंटारिओच्या फोकर एफ-२८ विमानाचं तसलं छोटं इंजिन नादुरुस्त होतं. पुस्तकाप्रमाणे ते चालण्यासारखं. पण ड्रायडनला मुख्य इंजिन बाहेरून सुरू करून देणारी सामग्री नव्हती, म्हणून एक इंजिन बंदच केलं नाही. वर बर्फ पडत होतं, आणि इंजिन चालू असताना पंखांवरचं बर्फ धुवायचं नाही असा नियम. तसंच उडालं आणि लगेच झाडीत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले. सुट्टीवर असलेले वैमानिक प्रवासी म्हणून आतच बसले होते. पंखांवरचं बर्फ त्यांना दिसत होतं, पण कॉकपिटपर्यंत कुणी निरोप पोचवला नाही. मला या सगळ्यात हेच जास्त खटकतं.

उड्डाणासाठी धावपट्टीवर धाव सुरू झाल्यावर बिघाड कळला तर? सुरुवातीला, साधारण ८० ते १०० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे विमानाचा वेग मोजायचं एकक), थांबणं सोपं असतं. त्यानंतर फक्त गंभीर कारणासाठीच थांबायचं, आणि एका ठरलेल्या वेगानंतर थांबायचंच नाही. १९९६ साली डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बोईंग ७५७ च्या कॅप्टनला ८० नॉटलाच कळलं होतं की आपला वेगमापक चालत नाही. तो पुढं गेला. १८९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. विमान त्याआधी बरेच दिवस उभं होतं. वेग मोजणाऱ्या नळीत बहुधा कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असावं, असं तपासात म्हटलंय.

तेव्हा खिडकीतून काही वेगळं दिसलं, तेल ओघळताना किंवा एखादं झाकण उघडं, तर शेजाऱ्याला नको, केबिन क्रूला सांगा. हसतील म्हणून गप्प बसू नका. आणि व्यवहाराची गोष्ट: मुंबई, हैदराबादसारख्या छोट्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर होणार असेल तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागून घ्या.

नमस्कार.