पोर्तुगीज चर्चचा थांबा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'धर्मगुरू कोणी नेमायचा? तिबेट, चीन आणि रोम'. तिबेटकडे येतोच. पण आपण दादरमध्ये बसलोय, आणि गोखले रोडवर 'पोर्तुगीज चर्च' नावाचा बसथांबा आहे. तिथूनच सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही. मुंबई बेटं इंग्रजांच्या हाती आली १६६५ साली. तरी विसाव्या शतकातही या चर्चचा बिशप, म्हणजे भागातल्या सगळ्या पाद्र्यांचा प्रमुख, ठरवताना लिस्बनची पसंती लागायची. राज्य लंडनचं, चर्च रोमचं आणि बिशप पोर्तुगालच्या मर्जीचा! इथे रोज बसमधून उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

याचं मूळ 'पाद्रुआदो'त आहे. पोपनी पोर्तुगालच्या राजाशी केलेला हा व्यवहार. जहाजं तुझी, चर्च बांधायचा खर्च तुझा, त्या बदल्यात पूर्वेकडचे बिशप तू सुचवायचे. राजानं पैसे ओतले आणि हक्क घट्ट धरून ठेवला. पुढे रोमला हे जाचायला लागलं. म्हणून १६२२ मध्ये पोपनी 'प्रोपागांडा फिदे' नावाचं स्वतःचं धर्मप्रसार खातं काढलं. तिथून दोन सवते सुभे सुरू झाले.

आता माझी जुनी तक्रार. शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रोचं नाव एकाही पाठात आलं नाही. जन्मानं गोव्याचा ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपनं त्याला पाद्रीची दीक्षा नाकारली, म्हणून हा गडी थेट रोमला गेला. तिथे पाद्री झाला आणि १६३७ साली चक्क बिशप! प्रोपागांडानं त्याला आदिलशाही मुलखासाठी नेमलं. तो डिचोलीला येऊन राहिला. डिचोली म्हणजे गोव्याच्या वेशीवर, पण तेव्हा आदिलशहाची. पोर्तुगिजांनी आरोप केला की हा आदिलशहाला आणि डचांना आमच्यावर घालतोय. खरं-खोटं किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्यातली वेदना महत्त्वाची वाटते. ज्या मातीत जन्मला तिथे त्याला साधा पाद्री होता येईना, आणि शेवटी १६७७ मध्ये तो मेला तोही रोममध्ये.

मुंबईत तर इंग्रजांनीच यात हात घातला. १७२० मध्ये कंपनीच्या गव्हर्नरनं फ्रान्सिस्कन पंथाचे पोर्तुगीज पाद्री हाकलले, कारण त्यांची निष्ठा गोव्याकडे. आणि रोमच्या बाजूचे, कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. १७९४ मध्ये चर्चची चक्क वाटणी झाली. दादरचं साल्वासांव, म्हणजे आपलं हे चर्च, गोव्याकडे. भुलेश्वरचं एस्पेरांस रोमवाल्यांकडे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये रोमचे बिशप हार्टमन अडकून पडले आणि विरोधी, म्हणजे गोव्याच्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांनी बाहेरून वेढा घातला! सुमारे पंधरा दिवस. शेवटी इंग्रज सरकारला मधे पडावं लागलं. मंडळी, बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला ज्या चर्चपुढे आज रांग लागते, त्याच चर्चची ही गोष्ट आहे. आणि वेढा घालणारे काही सैनिक नव्हते, बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयताला एकमेकांकडे जाणारी माणसं होती. हे मला फार लागतं.

१९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगालमध्ये तोडगा निघाला: मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. यात भारतीय कुठे? आधी लिमा आले, मग रॉबर्ट्स. या इंग्रज रॉबर्ट्सना मी मनापासून मानतो. त्यांनी १९४६ पासून कारभार व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या हाती सोपवला आणि स्वतः बाजूला झाले. १९५० मध्ये पोर्तुगालनं आपला हक्क सोडला, ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा भरभर सांगतो.

पाद्रुआदो गेला, पण गुरू नेमायचा हक्क सरकारांना अजून हवाच आहे. बिशपांच्या नेमणुकीवर व्हॅटिकननं २०१८ मध्ये चीनशी करार केला. त्याचा मजकूर आजही जाहीर नाही, आणि २०२४ मध्ये तो पुन्हा वाढवला. चीनमध्ये सरकारी चर्च न मानता, भूमिगत राहून श्रद्धा टिकवलेल्या कॅथलिकांना काय वाटत असेल, याचा विचार केला की मला दादर-माहीमच आठवतं.

तिबेटात तर नेमणूक पुनर्जन्माची आहे: गेलेला लामा ज्या मुलात पुन्हा जन्मला असं मानतात, तो मुलगा शोधायचा. १७९३ मध्ये चीनच्या चिंग बादशहानं त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी सोन्याच्या कलशातून काढायचा नियम घातला. २००७ मध्ये चीननं हुकूम काढला की पुनर्जन्माला सरकारी मंजुरी हवी. जे सरकार पुनर्जन्म मानतच नाही, त्याचा हा हुकूम! दलाई लामांनी जुलै २०२५ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, स्पष्ट सांगितलं की पुढचा अवतार ओळखायचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टचा. त्यांचा मुक्काम हिमाचलमधल्या धरमशाला गावात, म्हणजे उद्या दोन दलाई लामा झाले तर प्रश्न आपल्या दारात येणार.

दोन होतात, मंडळी. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका मुलाला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे गुरू, म्हणून जाहीर केलं. तीन दिवसांत चीननं त्याला आईवडिलांसकट उचललं, आणि नोव्हेंबरात कलशातून दुसऱ्या मुलाचं नाव काढलं. तो पहिला मुलगा आज पस्तिशी ओलांडलेला असेल. चीनचं सरकार म्हणतं, तो सुखात आहे. पण तेव्हापासून बाहेरच्या कोणाच्याही तो नजरेला पडलेला नाही.