सात फुटांची बोट

(पहाटेचं धुकं. कालव्याच्या काठाला एकामागे एक बांधलेल्या दोन लांबट बोटी. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.)

सकाळचे आठ वाजताहेत. सुट्टीला आलेली मुलं एरवी या वेळेला हाका मारूनही उठत नाहीत. आज मात्र सोळाच्या सोळा जण काठावर उभे आहेत, कारण समोर ग्रिंडली ब्रूकची सहा लॉक आहेत आणि ती मुलांनीच उघडायची आहेत.

इंग्लंडमधलं व्हिटचर्च गाव इथून जवळ आहे. इथून निघून वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. मुलं चौदा ते सतरा वर्षांची, एकाच शहरातल्या एका युवक गटाची. त्यातल्या दोघांच्या घरी मराठी बोलतात. सोबत आम्ही चार मोठी माणसं.

लॉक म्हणजे पाण्याची कोठी. पुढे दार, मागे दार. खालून आलेली बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची आणि वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी चढतं, तशी बोटही चढते. पाणी सोडणाऱ्या झडपा काटकोनात वाकवलेल्या एका लोखंडी हँडलनं फिरवतात.

"मावशी, सोडू का पाणी?" हँडल दोन्ही हातांत धरून एक मुलगा विचारतो. मी बोटीकडे बघते, मागच्या दाराकडे बघते. "सोड. पण अर्धंच."

(जवळून : दात असलेली पट्टी कटकट करत वर सरकते. दाराच्या पलीकडे पाणी उसळतं.)

आत आणि बाहेर पाण्याची पातळी एक झाल्याशिवाय दार हलत नाही. चार जणांनी जोर लावला तरी नाही. पातळी जुळली, की एकटी मुलगी दाराच्या लांब तुळईला पाठ लावून, जमिनीतल्या उंचवट्याच्या विटांना टाचा रोवून ते अख्खं दार उघडते. इथे जोर कामाचा नाही, थांबणं कामाचं आहे. आम्ही हे सांगत बसलो नाही. पहिल्याच लॉकवर सगळ्यांना कळलं.

वरची तीन लॉक जिन्यासारखी एकमेकांना चिकटलेली आहेत. एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं दार. क्रम चुकला तर पाणी काठावरून वाहतं. इथे हंगामात लॉकची राखण करणारा माणूस असतो. त्यानं फक्त हातानं खूण करायची, बाकी सगळं मुलांनी केलं.

(बोट संथ चालली आहे. दोन्ही काठांना मेंढ्या, कुंपणं, कमानीचे विटांचे पूल.)

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेत डोळ्यांपुढे येतं. आवर्तन सुटलं, पाणी आलं, दारं धरली. इथले कालवे माल वाहण्यासाठी खोदले. 1761 मध्ये ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला, खाणीतला कोळसा बोटीनं मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांचं जाळं झालं. लँगॉलेनचा कालवा मात्र थोडा आपल्यासारखाही आहे. 1944 मध्ये कायद्यानं तो वाहतुकीला बंद झाला होता. तरी बुजवला नाही, कारण डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत त्यातूनच नेता येत होतं. पाण्यानं हा कालवा वाचवला. म्हणूनच त्याला ओढ आहे आणि जाताना आपण प्रवाहाच्या उलट जातो.

ताशी चार मैल ही इथली वेगमर्यादा. प्रत्यक्षात बोट त्याहूनही हळू जाते. काठावरून कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनी आम्हाला मागे टाकलं, मुलांनी त्यांना हात केला.

बोट जेमतेम सात फूट रुंद, कारण लॉकच तेवढं आहे. आत एक जण चहा करत असेल, तर दुसऱ्यानं अंग चोरूनच जायचं. पाण्याची टाकी मोजकी, म्हणून भांडी एकाच तसराळ्यात. पहिल्या रात्री भांड्यांवरून वाद झाला. दुसऱ्या रात्री पाळ्या लागल्या. तिसऱ्या रात्री पाळीचा कागद कुणी पाहिलाही नाही.

सुकाणू उलटं चालतं. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते आणि तीही लगेच नाही, थोड्या वेळानं. ज्याच्या हातात दांडा त्याला समोर सगळी बोट आणि तिच्यात बसलेले आपले मित्र दिसत असतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात इतकी खरी जबाबदारी आपण एरवी कधी देतो?

(चर्क. दगडी कमानींचा पूल, शेजारी रेल्वेचा आणखी उंच पूल.)

चर्कचा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, 1801 चा. त्याच्यावर असतानाच इंग्लंड संपतं, वेल्स सुरू होतं. लगेच बोगदा, 420 मीटरचा. आत सगळे आपोआप कुजबुजत बोलू लागले.

आणि मग पॉन्टकसल्टेचा जलसेतू.

(निवेदन थांबतं. फक्त इंजिनाचा आवाज आणि वारा.)

अठरा दगडी खांब. त्यांच्यावर ओतीव लोखंडाची पन्हळ, 307 मीटर लांब. खाली 38 मीटरवर डी नदी. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड यांचं हे काम, 1795 मध्ये पाया घातला आणि 1805 मध्ये पाणी वाहू लागलं. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला कठडा नाहीच, पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभरसुद्धा नाही. बोटीतून त्या बाजूला पाहिलं की कड दिसत नाही, सरळ दरी दिसते. दोघी जणी आत जाऊन बसल्या. कुणी त्यांना चिडवलं नाही.

लँगॉलेनला घोडा बोट ओढताना दिसतो. आता ती पर्यटकांची सहल आहे, पण पूर्वी सगळ्या बोटी अशाच चालत. रेल्वे आली, भाडी पडली. नावाड्यांना काठावरचं घर आणि पगारी गडी दोन्ही परवडेना. मग बायकामुलं बोटीवर राहायला आली, सुमारे दहा फुटांच्या खोलीत. घोड्यापुढे चालायचं, लॉक उघडायचं, ही कामं मुलांची. बोट आज इथे, उद्या तिथे, मग शाळा कुठली? ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीडहून निघालेल्या मुलांची शाळा मागे राहते, तशीच यांची राहिली. 1877 मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी आली, किती जणांनी आत राहायचं ते ठरलं, मुलांना शाळेच्या हिशेबात धरलं गेलं. अंमलबजावणी कच्ची होती, म्हणून 1884 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला.

मला हे या मुलांना सांगायचंच होतं. कसं सांगू, ते कळत नव्हतं.

(परतीचा प्रवास. न्यू मार्टनच्या लॉकांच्या अलीकडे एक जुना पूल.)

लॉकची तयारी करायला तिघं जण काठावर उतरून पुढे चालत होते. पुलाखाली कोपऱ्यावर त्यांना खाचा दिसल्या. एकाखाली एक, खोल, गुळगुळीत. एकानं त्यात अंगठा घातला. अख्खा आत गेला.

"मावशी, हे कशानं झालं?"

"दोरानं. घोडा पुढे, बोट मागे, दोर इथे घासायचा. रोज, शंभर-दीडशे वर्षं."

"घोडा कोण धरायचं?"

"तुझ्याएवढी मुलं. तुझ्याहून लहानही."

त्यानं अंगठा काढला नाही. बाकीचे दोघं वाकून आपापलं बोट घालून बघू लागले. तेवढ्यात मागून आमच्या बोटीचा भोंगा वाजला. त्यानं खांद्यावरचं हँडल सावरलं आणि तिघंही लॉककडे पळाले.