मोंतोनेचं सूर्यघड्याळ

नमस्कार मंडळी. मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाताना माणगाव लागतं, तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलात ना तर गाडी जरा बाजूला लावा आणि तहसील कचेरीच्या आवारात जाऊन या, तिथे नाईक यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. याच तालुक्यातल्या पळसगावचे ते, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. पण त्यांचं अजून एक स्मारक आहे, तेही पार इटलीत, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

उंब्रिया भागात मोंतोने म्हणून टेकडीवरचं जुनं गाव आहे, मध्ययुगातलं, अरुंद दगडी गल्ल्यांचं. खाली तिबेर नदीचं खोरं, तीच नदी जी पुढे रोमला जाते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, या खोऱ्यात घाडगेंच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. हा माणूस एकटाच धावत सुटला, ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने झोडपून संपवलं. मग लपलेल्या स्नायपरच्या गोळ्या लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळालं ते मरणोत्तर.

त्यांची कबर नाही कुठे. इटलीतल्याच कॅसिनो नावाच्या गावातल्या युद्धस्मारकावर फक्त नाव कोरलंय. म्हणून मोंतोनेच्या लोकांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं, २०२३ च्या जुलैमध्ये त्यांनी घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. साहेबाच्या लढाईत आपली पोरं का मेली असं बरेचजण विचारतात, आणि प्रश्न खराच आहे, पण इटलीत लढायला गेलेले जवळजवळ ५० हजार भारतीय जवान कोणाच्या तरी घरचेच होते ना, त्यांची आठवण आपण का टाकायची?

माणगावच्या डोक्यावर आलेला सूर्य साधारण चार तासांनी मोंतोनेच्या डोक्यावर येतो, हे मी मुद्दाम हिशोब करून बघितलं. युरोप टूरच्या यादीत हे गाव नसतं, पण उंब्रियातल्या पेरूजा शहरापर्यंत जाणार असाल तर तिथून फार लांब नाही. जा, आणि घाडगेंचं नाव जरा मोठ्याने वाचा.