बंद मॉलचे फ्लॅट का होत नाहीत? हॉर्टन प्लाझाचे कागद उघडून बघू

नमस्कार मंडळी. बंद पडलेल्या मॉलवरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "एवढी इमारत रिकामी पडलीय, तर सरळ फ्लॅट का काढत नाहीत?" काहींनी तर नकाशेही पाठवलेत. नकाशे छान आहेत, पण त्याआधीचं एक पान सगळ्यांनीच वगळलंय. ते पान कोणतं, हे बघायला एक खरा मॉल घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो शहर, आणि त्याच्या ऐन मध्यात साडेसहा ब्लॉकवर पसरलेला हॉर्टन प्लाझा.

[पडद्यावर: सॅन डिएगोचा नकाशा]

इतिहास भरभर सांगतो. नाव अलोन्झो हॉर्टनचं. 1867मध्ये या माणसाने इथली 960 एकर जमीन एकरी साडेसत्तावीस सेंटने घेतली. म्हणजे सगळी मिळून 265 डॉलरच्या आसपास. (आपण तेव्हा कुठे होतो, ही कमेंट आधीच मोजून ठेवलीय, नवीन काहीतरी लिहा.) पुढे शंभर वर्षांनी हाच भाग उतरणीला लागला. गिऱ्हाईक उपनगरातल्या मोठ्या मॉलकडे गेलं, मध्यात उरले स्वस्त बार आणि बंदरावरून येणारे खलाशी. महापौर पीट विल्सन यांच्या काळात शहराने पुनर्विकासाचा घाट घातला. शहराच्या यंत्रणेने जमीन गोळा केली, अर्नेस्ट हान हे विकासक आले आणि 9 ऑगस्ट 1985 रोजी मॉल उघडला. खर्च साधारण 14 कोटी डॉलर.

वास्तुविशारद जॉन जर्डे. माणूस आत शिरला की भटकला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. छत नाही, मधून तिरका रस्ता, पाच पातळ्या, त्याही एकमेकींना न जुळणाऱ्या. पूल, उतार, अर्धे जिने, भडक रंग. पार्किंगच्या मजल्यांना फळा-भाज्यांची नावं, म्हणजे गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं. लोक खूश झाले, पहिल्या वर्षी अडीच कोटी भेटी झाल्याचं सांगतात.

मग बिघडलं कुठे? कमेंटवाल्यांचं ठरलेलं उत्तर: ऑनलाइन खरेदीने मारलं. ऑनलाइनने धक्का दिला, मान्य. पण त्याच शहरात काही किलोमीटरवर फॅशन व्हॅली नावाचा मॉल आहे, तो त्याच वर्षांत जोरात चालत होता. ऑनलाइन काय फक्त हॉर्टन प्लाझाच्या गिऱ्हाइकांनाच दिसत होतं? हॉर्टन प्लाझाचं तोंड आत आणि पाठ रस्त्याला होती. फुटपाथवरून चालणाऱ्याला दिसायची लांबच लांब भिंत. 1985मध्ये बाहेरचा रस्ता धोक्याचा वाटायचा, तेव्हा ते खपून गेलं. नंतर शेजारचा गॅसलँप क्वार्टर नावाचा भाग सुधारला, फुटपाथवर टेबलं लागली, आणि रस्ताच मॉलपेक्षा बरा वाटायला लागला. त्यात एकदा एखादं मोठं दुकान गेलं की वरचे मजले ओस पडतात, कारण जिने चढून वर न्यायचं काम त्या दुकानाचंच असतं. इथलं नॉर्डस्ट्रॉम हे असंच मोठं दुकान 2016मध्ये गेलं.

2018मध्ये तेव्हाची मालक कंपनी वेस्टफील्डने हा मॉल स्टॉकडेल कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला साडेसतरा कोटी डॉलरला विकला. बेत असा: सुमारे सात लाख चौरस फूट ऑफिस, तीन लाख चौरस फूट दुकानं.

आता ते वगळलेलं पान. मॉल ही एक मिळकत नसते. गेटवर एकच पाटी असते म्हणून आपल्याला ती एक वाटते.

पहिली बाजू, अँकरची. मॉलमधलं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे अँकर. त्याच्यामुळे गर्दी येते, म्हणून भाडं कमी घेतात आणि वर हक्कही देतात: पार्किंग हलवायचं नाही, आमचं दार झाकायचं नाही, आवाराचा वापर दुकानांखेरीज दुसऱ्या कशाला करायचा नाही. हे करार काही दशकांचे असतात. मालक बदलला तरी करार जमिनीला चिकटून राहतो. इथे मेसीज हे अँकर दुकान उरलं होतं. नव्या मालकाने ऑफिसचा बेत जाहीर केल्यावर मेसीज कोर्टात गेलं: आमच्या भाडेकरारात हे शॉपिंग सेंटर आहे, तुम्ही त्याचं ऑफिस कसं करता? 2020मध्ये तडजोड झाली तेव्हा कुठे ती गाठ सुटली. छोट्या दुकानांच्या करारांतही बऱ्याचदा एक कलम असतं, की अँकर गेला तर आमचं भाडं कमी होईल किंवा आम्ही मोकळे. म्हणून एक मोठं शटर खाली आलं की पाठोपाठ वीस खाली येतात. गिऱ्हाईक घटायच्या आधीच मालकाचं उत्पन्न घटतं.

दुसरी बाजू, शहराची. जमीन शहराने जमवून दिली होती, म्हणून अटीही शहराच्याच. त्यातली एक अशी, की इथे सुमारे सहा लाख चौरस फूट दुकानं राहिलीच पाहिजेत. दुकानं चालोत, न चालोत. ती अट 2019मध्ये तीन लाखांवर आणायला नगरपरिषदेत मतदान घ्यावं लागलं. जागा तुमची, पैसा तुमचा, पण तिथे काय विकायचं आणि किती जागेत, हे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा कागद ठरवतो.

तिसरी बाजू, किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची. मॉलखाली लायसियम नावाचं थिएटर आहे, त्यावर शहराचा हक्क. पुढ्यातल्या बागेची देखभाल मॉलमालकाच्या गळ्यात, करारानेच. आणि मधोमध उभं असलेलं जेसप घड्याळ! 1907चं, 22 फूट उंच, वीस तबकड्या, त्यांपैकी बारा जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या. सगळे त्याखाली फोटो काढायचे, मॉलचंच समजायचे. ते होतं जेसप कुटुंबाचं, आणि 2019मध्ये ते तिथून हललं. तेव्हा नकाशा पाठवताना त्यावर आधी लिहा, कोणता चौकोन कोणाचा.

यानंतर येतं बांधकाम. गंमत म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता ते वजन इथे अडचणच नाही. अमेरिकेत दुकानाचा तळमजला चौरस फुटाला 100 पौंड धरून बांधतात, घराला 40 पुरतात. अडतं ते खोलीपाशी, म्हणजे बाहेरच्या भिंतीपासून आतपर्यंतच्या अंतरापाशी. डिपार्टमेंट स्टोअर दोनशे-तीनशे फूट खोल असू शकतं, आणि खिडकीचा उजेड कामापुरता आत येतो तो वीस-पंचवीस फूट. मधल्या अंधाराचं काय? स्लॅब कापून चौक काढावा लागतो. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील तर आधी स्कॅन करून त्यांच्या जागा आखायच्या, मगच करवत. चुकून एक केबल कापली तर तिचा ताण जातोच, वर ती सुटून माणसाला इजाही करू शकते.

दुसरं, संडास. मॉलमध्ये ते एका कोपऱ्यात असतात. फ्लॅटमध्ये प्रत्येक घराला हवेत. पाइपला फुटामागे पाव इंच उतार धरला तर चाळीस फुटांत दहा इंच खाली जायचं. मजल्याची उंची सोळा-अठरा फूट असते, त्यामुळे ते बसतं. पण घराला दहा फूट पुरत असताना उरलेल्या उंचीचं एसीचं बिल कोण भरणार? म्हणून अशा इमारतीत ऑफिस जास्त सोपं, आणि स्टॉकडेलने ऑफिस निवडलं यात वेडेपणा नव्हता. काळ मात्र वाईट निघाला. रंगीत दर्शनी भाग पाडून काम सुरू झालं, आणि 2020च्या कोविड साथीत ऑफिसं रिकामी झाली. भाडेकरू मिळेना, कर्ज थकलं, काम लटकलं. रिकाम्या जागेवरही व्याज चढतच असतं.

"आपल्याकडे असं नसतं," असं लिहिणाऱ्यांसाठी: आपल्याकडे जास्त अवघड असतं. हॉर्टन प्लाझात निदान मुख्य मालक एक होता. मुंबई-ठाणे-पुण्यातल्या कितीतरी जुन्या मॉलमध्ये बिल्डरने गाळे सुटे विकलेत. तीनशे गाळे, तीनशे इंडेक्स टू, म्हणजे खरेदी नोंदीचे तीनशे उतारे. कुणी गुंतवणूक म्हणून घेतलाय, कुणी कर्ज काढून, कुणी परदेशात. मधला पॅसेज, एसी प्लांट, गच्ची कोणाची, याचं उत्तर करारनाम्यात धड नसतं. सरकत्या जिन्याची दुरुस्ती करायलाही वर्गणी जमत नाही, तिथे पाडायला संमती कशी मिळणार?

तुमच्या गावातल्या मॉलचं नाव लिहिलंय त्यांनी आधी एवढं काढा: प्रॉपर्टी कार्डवर जमीन कोणाच्या नावे आहे, कन्व्हेयन्स (बिल्डरकडून जमिनीची मालकी गाळेधारकांच्या संस्थेकडे जाणं) झालंय का, गाळे विकलेत की भाड्याने दिलेत, बँकेचा बोजा किती आणि कशावर, मंजूर नकाशात वापर काय लिहिलाय. आणि पार्किंग प्रत्यक्षात पार्किंगच आहे का, तेही जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी तिथे गोडाऊन निघतं.